आईचं माहेर विचारणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, असं तुम्ही म्हणाला होता. तुमची लेक हे वाचून दाखवेल. तुमचं आणि तुम्ही म्हाताऱ्या माणसांना सांभाळता त्या केंद्राचं नाव लिहीत नाही. "नाव कशाला, काम केलं एवढंच," हे तुमचंच बोलणं.

श्रावणात आईला तुमच्याकडे आणली. त्याआधीचं दीड वर्ष मला आठवायचंही नसतं. आई रात्री उठून चुलीपाशी बसायची, जेवून अर्ध्या तासात जेवायला मागायची, आणि दिवस कलला की दाराशी उभी राहायची. "घरी जायचंय" एवढंच म्हणायची. आम्ही म्हणायचो, अगं आई, हेच तुझं घर, चाळीस वर्षं इथंच राहतेस. मग ती जास्तच चिडायची. दोनदा निसटली. एकदा बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटापाशी एका भाजीवालीने तिला सावलीत बसवून पाणी पाजलं. दुसऱ्यांदा ती थेट बसस्थानकावर गेली आणि सौंदत्तीच्या गाडीत चढून बसली. कंडक्टरने तिकीट फाडण्याऐवजी तिच्या गळ्यातल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहून फोन केला. त्या भाजीवालीला आणि कंडक्टरला मी पुन्हा भेटू शकले नाही, म्हणून त्यांचेही आभार इथंच मानते.

सौंदत्तीची गाडी. अक्का, आम्हाला तेव्हाही कळलं नाही.

शहापुरातले नातेवाईक म्हणाले, म्हातारचळ आहे, एवढं काय मनावर घेता. भाऊ पुण्याला, मी नोकरी करणारी. शेवटी ठेवायचं ठरवलं, तेव्हा तेच लोक म्हणाले, "आईला वृद्धाश्रमात टाकली." टाकली! ज्यांनी एक रात्र तिच्या उशाशी काढली नाही, त्यांचा हा शब्द अजून मला लागतो. देशात साठीच्या पुढच्या जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असं २०२३ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात म्हटलंय. तेवढ्या घरांत कुणीतरी रात्रभर जागत असणार. त्यांना कुणी "टाकली" म्हणू नये.

तुमच्याआधी चार जागा पाहिल्या, दोन ठिकाणी ठेवूनही पाहिलं. पहिल्या ठिकाणी खाली चकचकीत फरशी, गणपतीची मोठी मूर्ती, भेटीची वेळ अकरा ते बारा. एकदा न सांगता संध्याकाळी पाचला गेले. फिनेलच्या वासाखाली लघवीचा वास येत होता, सगळे म्हातारे टीव्हीसमोर खुर्च्यांत ओळीने बसलेले, आणि टीव्हीवर काय लागलंय ते एकालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी आई दहा दिवसांत "शांत" झाली. मान खाली, तोंडातून लाळ, चालताना पाय ओढत. गप्प ठेवणारी गोळी सुरू केलीय हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा म्हाताऱ्या माणसांना त्या जातीच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो, बाकी सगळं करून झाल्यावर आणि घरच्यांना विचारूनच त्या द्यायच्या असतात, हे नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या वहीत आईच्या नावापुढे लिहिलं होतं, "हाक मारल्यास प्रतिसाद देत नाही." कुठल्या नावाने हाक मारली होती? आधार कार्डावरच्या.

तुमच्याकडे आलो त्या दुपारी भाऊ ऑफिसात सह्या करत होता. मी आईला घेऊन ओसरीवर बसले होते. तुम्ही आलात, खाली फरशीवर बसलात, तिच्या चपलांचे पट्टे सोडवलेत आणि मला विचारलंत, "आईचं माहेर कुठलं वो?"

आधीच्या सगळ्या जागांनी आधार मागितलं, शुगर विचारली, डिपॉझिट विचारलं. माहेर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सौंदत्तीकडचं, काळ्या मातीतलं, ज्वारी-कापसाचं. तुम्ही म्हणालात, "मग कन्नडच की. आणि माहेरचं नाव?"

मला सांगता आलं नाही, अक्का. लग्नात तांदळाच्या ताटात आप्पांनी अंगठीने जे नाव लिहिलं, तेच तिचं नाव, असंच आम्ही धरून चाललो होतो. मावशीला फोन लावला. फोनवर ते नाव ऐकलं तेव्हा मावशी आणि मी दोघीही रडलो. तुम्ही ते नाव आईच्या कानाशी घेतलंत, पुढे "अव्वा" जोडून. तिने मान वर केली, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यारु?" कोण?

कित्येक महिन्यांत तिने कुणाला काही विचारलं नव्हतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आणि तुमचं राहू दे.

नवी आठवण आधी जाते आणि जुनी मागे राहते, नंतर शिकलेली भाषा पहिल्या भाषेआधी निसटते, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही मान डोलावून घरी आलो आणि तिच्याशी मराठीतच बोलत राहिलो, कारण आम्हाला दुसरं येतच नव्हतं. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी, ती दाराशी उभी राहिली तेव्हा, "हेच तुझं घर" म्हणाला नाहीत. म्हणालात, "होगोणु अव्वा, ऊटा माडी होगोणु." जाऊ या आई, जेवून जाऊ या. आणि तिचा हात धरून तुळशीभोवतीच्या वाटेने फेऱ्या मारल्यात. ती वाट फिरून परत ओसरीवरच येते, कुठे अडत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सहाव्या-सातव्या फेरीला ती दमली आणि जेवली.

मी ते वाक्य मराठी अक्षरांत लिहून घेतलं, घरी येऊन पाठ केलं.

आपल्या गावात भाषेवरून किती वर्षं काय काय चाललंय, ते तुम्ही आणि मी दोघींनीही पाहिलंय. फलकांना फासलेलं काळं, बंद, दगड. मी मराठी शाळेत शिकले, त्याचा मला अभिमान आहे आणि तो राहील. पण माझी आई तिच्या भाषेत एकटी पडली होती, आणि तिच्यापर्यंत पोचायला मला तुमचा हात धरावा लागला. त्या दिवसापासून कन्नड ऐकलं की मला आधी तुमचा आवाज आठवतो.

परवा एळ्ळ अमावास्येला, म्हणजे शेताची पूजा करून चरग, नैवेद्याचे तुकडे, शेतात चारी बाजूंना टाकतात त्या सणाला, मी आले होते. तुम्ही घरून तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि शेंगांची पोळी आणली होती. आईने भाकरी मोडली आणि तुकडे अंगणात चारी बाजूंना फेकायला लागली. केंद्रातली दुसरी कामवाली मुलगी तिला अडवायला धावली. तुम्ही म्हणालात, "टाकू दे गं, चरग टाकायलीय ती. शेतात हाय ती आत्ता."

मी बाजूला उभी होते. तिने मला ओळखलं नव्हतं, आता ओळखतही नाही. पण माझा हात ओढला, त्यात एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, "चेल्लु, चेल्लु." टाक, टाक. मी टाकला.

रविवारी येते. येताना शेंगाची चटणी आणते, तुमच्या नातीसाठी कमी तिखटाची वेगळी.

तुमची,
शहापूरची लेक