प्रॉपेलर हाताने का फिरवायचा

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

विमानाचं रेडियल इंजिन, म्हणजे वर्तुळात सिलिंडर मांडलेलं इंजिन, सुरू करण्याआधी प्रॉपेलर हाताने का फिरवतात, असं तू विचारलंस. या एका कामात हयगय झाली तर नुकतंच ओव्हरहॉल केलेलं इंजिनही निकामी होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रॅट अँड व्हिटनीचं आर-985 घे. एका वर्तुळात नऊ सिलिंडर, 450 अश्वशक्ती. 1 नंबरचा सिलिंडर अगदी वर, तर 5 आणि 6 सगळ्यात खाली, हेड जमिनीकडे करून. इंजिन उभं राहिलं की ऑइल हळूहळू पिस्टन रिंगांमधून झिरपून या खालच्या सिलिंडरांत उतरतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन त्या ऑइलवर आदळला की लिंक रॉड (पिस्टनला मास्टर रॉड या मुख्य दांड्याशी जोडणारा दांडा) वाकतो, नाहीतर हेडच उखडतं. त्यातही थोडासाच वाकलेला रॉड जास्त वाईट. इंजिन सुरू होतं, नीट चालतं आणि रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो.

आधी मिक्श्चर (इंधनाचा पुरवठा) आणि थ्रॉटल बंद, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारं यंत्र) ऑफ. तरीही इंजिन जिवंत आहे असं समजूनच पात्याला हात लाव, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. मग इंजिन फिरतं त्याच दिशेने सावकाश फिरव. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत नऊही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदा होऊन जातं. या इंजिनाला प्रॉपेलरचा गिअर नसतो, प्रॉपेलर क्रँकशाफ्टइतकाच फिरतो, म्हणजे दोन पात्यांचा प्रॉपेलर असेल तर निदान चार पाती मोजायची.

इथे हाताकडे लक्ष दे. कॉम्प्रेशन हाताला लवचिक लागतं, थोडं थांबलास की हवा निसटून ते ढिलं पडतं. ऑइल असेल तर पातं एकदम अडतं आणि कितीही थांबलास तरी ढिलं होत नाही. अशा वेळी जोर लावू नकोस आणि उलटं तर मुळीच फिरवू नकोस. उलटं फिरवलं की इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल इनटेक पाइपात ढकललं जातं आणि प्रॉपेलर मोकळा झाल्यासारखा वाटतो. इंजिन सुरू होताच तेच ऑइल पुन्हा आत ओढलं जातं. सर्वांत जास्त रॉड याच घाईपायी वाकतात, असं माझं ठाम मत आहे.

योग्य उपाय वेळखाऊ आहे: खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढ, भांडं लाव, ऑइल पूर्ण निथळू दे. इनटेक पाइपाला ड्रेन प्लग असेल तर तोही उघड. प्लग बाहेर असतानाच पुन्हा पूर्ण फिरवून बघ. मग प्लग साफ करून नव्या तांब्याच्या वॉशरवर बसव. सुरू केल्यावर 30 सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद कर, आणि ऑइल 40 अंश सेल्सिअसला येईपर्यंत रेस वाढवू नकोस.

एक गैरसमज मात्र काढून टाक. न वापरलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर अधूनमधून फिरवून ठेवला की ते चांगलं राहतं, असं काहीजण मानतात. उलट त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर पुसला जातो आणि गंज धरतो. इंजिन बराच काळ उभं राहणार असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह (गंज रोखणारं) ऑइल फवारून स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे प्लग लावावेत. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या

ता. क. ऑइल स्क्रीनमध्ये, म्हणजे ऑइलच्या गाळणीत, धातूचे कण सापडले तर चुंबक लावून बघ. चिकटले तर पोलाद. न चिकटणारे, चांदीसारखे चमकणारे कण मास्टर रॉडच्या बेअरिंगचे असू शकतात, तेव्हा इंजिन उघडल्याशिवाय उडवायचं नाही. आणि बेअरिंग गेलेलं इंजिन बदललं तर ऑइल टाकी आणि कूलरही साफ करून घ्यायचे. कूलरच्या जाळीत अडकलेला चुरा नव्या इंजिनात उतरतो.