स्वायत्त शाळेची तपासणी मुलाच्या प्रगतीवर करा

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळा संस्थांकडे चालवायला द्याव्यात, हा विषय निघाला की अमेरिकेतील चार्टर, म्हणजे सरकारशी करार करून चालणाऱ्या, शाळांचा दाखला हमखास येतो. तो अर्धाच सांगितला जातो. 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, तेव्हा सौदा सरळ होता. पैसा सरकारचा, प्रवेश सर्वांना खुला, अर्ज जास्त आले तर सोडत. शिक्षक, वेळापत्रक, शिकवण्याची पद्धत शाळेच्या हाती. निकाल दिसला नाही, तर करार पुढे चालू नाही.

अमेरिकेच्या 2002 च्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची चाचणी आणली. किती टक्के मुले ठरलेल्या गुणांच्या रेषेच्या वर, यावर मुख्यतः शाळा जोखली जाऊ लागली. चार्टर शाळाही सुटल्या नाहीत. असे झाले की काय होते, हे कोणताही शिक्षक सांगेल: रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर सगळा जोर, फार मागे असलेले मूल बाजूला आणि चित्रकलेचा तास गणिताला. 2015 मध्ये हा कायदा बदलून राज्यांना पुष्कळ मोकळीक द्यावी लागली.

ही रेषा आमच्या जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात आणली तर? घरी पावरी किंवा भिली बोलणारे मूल पहिलीत मराठी अक्षरांपाशी सुरुवात करते. चौथीत ते साधा परिच्छेद वाचू लागले, तर शिक्षकाने मोठे काम केलेले असते. रेषा मात्र त्याला अप्रगतच म्हणते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणे, 30 सप्टेंबरच्या आधार-वैध पटावर होते. जन्मतारीख आधारशी जुळली नाही की वर्गात बसलेले मूल मोजणीतून जाते, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांचा प्रश्न वेगळाच.

म्हणून संस्थेशी करार पाच वर्षांचा असावा. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एकट्याने बसवून वाचन तपासावे: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. गणितात हातच्याची बेरीज, वजाबाकी, भागाकार. एप्रिलमध्ये त्याच मुलाची तीच तपासणी, दुसऱ्या केंद्रातील (शाळांच्या गटातील) शिक्षकांकडून. मूल किती पायऱ्या चढले तेवढेच मोजावे. मध्येच गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद कारणासह हवी, नाहीतर कच्ची मुले दाखला देऊन घालवली जातील. हिशेब तपासणी, खुला प्रवेश, मुलांची सुरक्षितता आणि शिक्षकांचा पगार यात सवलत नको. बाकी वेळापत्रक, पूरक पुस्तके, पावरी जाणणारा मदतनीस हे शाळेने ठरवावे. तोच पट वेगवेगळ्या पोर्टलवर पुन्हा पुन्हा भरण्यात शिक्षकाचे तास जातात, तेही थांबावे.

तपासणारा वेगळा हवा. शाळा चालवणारी आणि तपासणारी यंत्रणा एकच नसावी, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते.

आणि करार मोडलाच तर संस्था बदलावी, शाळा बंद करू नये. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून पहिलीतल्या मुलाला चालत जाता येईल अशी दुसरी शाळाच नाही.

– काही निवृत्त मुख्याध्यापक, शहादा (जि. नंदुरबार)