गिरणीवाल्या मावशींना, त्या शुक्रवारच्या पिठाबद्दल

आदरणीय मावशी,

सा. नमस्कार.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही. शुक्रवारी रात्री शटर अर्धं खाली आलेलं असताना वाकून आत डोकावलेला, किलोभर ज्वारीची पिशवी हातात धरलेला माणूस, एवढं सांगितलं तर ओळख पटेल. तुमच्यासमोर उभं राहून हे बोलायला लागलो असतो तर ‘असू द्या हो’ म्हणून तुम्ही पुढचं दळण ओतायला घेतलं असतं. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

त्या रात्री तुम्हाला मी एवढंच म्हणालो होतो की सकाळी बायको येणार आहे. बाकीचं आता सांगतो. ती बँकेत आहे आणि तिची बदली रत्नागिरी जिल्ह्यात झाली आहे. मी भोसरी एमआयडीसीत लेथवर. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे ती घरी असते तेव्हा मी मशीनवर उभा, आणि मी घरी असतो तेव्हा ती काउंटरवर. मी रजा टाकली आणि ती मंजूर झाली, तरच आम्हाला सलग दोन दिवस एकमेकांसोबत मिळतात. या वेळी ती मिळाली होती. कुठे फिरायला जायचं नव्हतं, हॉटेलात जेवायचं नव्हतं. घरीच राहायचं, दोघांनी मिळून रांधायचं, पोटभर जेवायचं आणि दुपारी पंखा लावून लोळायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं.

आणि तिला भाकरी हवी होती. ती सोलापूरकडची. तिकडे कोकणात सगळे तिला फार जिव्हाळ्याने वागवतात, घरमालकीणबाई तांदळाची भाकरीही करून देतात. पण ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ज्वारीच लागते. फोनवर ती कामाचा त्रास सांगत नाही, प्रवासाचा सांगत नाही. भाकरीचं मात्र दर वेळी निघतं.

आधीच्या खेपेला काय झालं तेही सांगायला हवं. मोठ्या दुकानातून ज्वारीच्या पिठाचं बंद पाकीट आणलं होतं. छान छापलेलं, वर शेताचं चित्र. तिने परातीत पीठ घेतलं, मळलं, थापायला घेतलं आणि कडा चिरत गेल्या. उकळतं पाणी घालून पुन्हा मळून पाहिलं. उचलताना भाकरीचे दोन तुकडे झाले. पिठाची विरी गेलेली होती. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारं ग्लुटेन नसतं, तिची सगळी भिस्त ताज्या पिठावर. पाकिटातलं पीठ कधी दळलेलं होतं कोण जाणे. ती काही बोलली नाही. परात धुऊन ठेवली आणि म्हणाली, “जाऊ दे, भात लाव.” महिनाभर भात खाऊन रात्रभराचा प्रवास करून आलेलं माणूस ते म्हणत होतं. मला ते फार लागलं.

तेव्हापासून मी चांगल्या पिठाच्या मागे होतो. एका गिरणीत सांगितलं, पाच किलोच्या आत दळत नाही. दुसरीकडे गव्हाच्या दळणावरच माझी ज्वारी ओतली. विचारलं तर उत्तर आलं की सगळे असंच नेतात, तुमचंच काय वेगळं? किराणावाल्याने “एकदम नवी” म्हणून जी ज्वारी दिली, तीच घेऊन मी त्या रात्री तुमच्याकडे आलो होतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीचे पोहे आले, फलक लागले. पण दोन माणसांच्या घराला दोन दिवसांपुरतं ताजं, निखळ पीठ हवं असेल तर ते द्यायला कुणाला सवड नव्हती. हे मी रागाने लिहितोय आणि तो राग मला लपवायचा नाही.

तुम्ही पिशवीत हात घातलात, चार दाणे तोंडात टाकलेत, चावलेत आणि म्हणालात, “जुनी हाय ही. थापताना तुटंल.” मी नुसता उभा राहिलो. मग तुम्ही विचारलंत, “कुठल्या हायेत मालकीणबाई?” सोलापूर म्हटल्यावर तुम्ही आत गेलात आणि तुमच्या घरच्या पोत्यातली ज्वारी घमेल्यात घेऊन आलात. मंगळवेढ्याची मालदांडी, नुकतीच रानातून आलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी पेपरात वाचलं होतं. दाणा हातात घेतला तो मात्र तुमच्यामुळे. टपोरा, मोत्यासारखा, चमक असलेला. मूठभर ज्वारी आधी जात्यात घालून तुम्ही गव्हाचं राहिलेलं पीठ काढून टाकलंत आणि मग माझं दळण घातलंत. पैसे फक्त दळणाचे घेतलेत. ज्वारीचे देऊ केले तर तुम्ही हातच पुढे केला नाही.

पण मावशी, माझ्या मनात घर करून राहिलंय ते यानंतरचं.

पीठ खाली आलं. मी पिशवी उघडून धरली. तुम्ही म्हणालात, “थांबा. गरम पीठ पिशवीत कोंडू नका, घाम सुटतो त्याला.” दोरीवरचं धुतलेलं सुती धडुतं काढून फळीवर अंथरलंत, त्यावर पीठ ओतलंत आणि तळव्याने पसरत राहिलात. एकदा इकडून, एकदा तिकडून. मोटार बंद केली होती. रस्त्यावरची वर्दळ कमी झाली होती, तुमच्या घरून मुलीचा फोन येऊन गेला. तुम्ही “येते गं, जरा पीठ निवतंय” म्हणालात आणि परत हात फिरवायला लागलात. मला स्टुलावर बसवलंत. मी म्हणालो, “मावशी, उशीर होतोय तुम्हाला.” तुम्ही वर न बघता म्हणालात, “लांबून येणार हाय ना ती?”

आमच्या कामात तापलेल्या जॉबचं, म्हणजे लेथवर कातलेल्या भागाचं, माप घेत नाहीत. निवू द्यावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो. हे शिकवणारे माझे जुने फोरमन संध्याकाळची बस चुकली तरी जॉब निवायची वाट बघायचे. तशी माणसं अलीकडे मला फार भेटत नाहीत. म्हणून तुमचा तो पिठावर फिरणारा हात मी बघत राहिलो. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती परत तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून येईल याची खात्री नव्हती. किलोभर दळणात तुम्हाला काय सुटणार होतं? तरी तिच्या पानातली भाकरी तुटू नये म्हणून तुम्ही स्वतःचं घर थांबवून ठेवलंत.

ती पहाटे आली. येताना पेंढ्यात घातलेले हापूस आणले होते. अंघोळ करून तासभर झोपली. तोवर मी काटेरी वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकली, लसूण सोलला, शेंगदाणे भाजून खलबत्त्यात चटणी कुटली. मिक्सरमध्ये केली की तिला कळतं. उठल्यावर तिने डबा उघडला, पीठ चिमटीत घेऊन बोटांत चोळलं आणि माझ्याकडे बघितलं. “कुठून आणलंस?” मी म्हटलं, आधी थाप, मग सांगतो.

भाकरी तिने हातावरून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकल्यावर उलटली, मग तवा बाजूला घेऊन आचेवर धरली आणि ती टम्म फुगली. पापुद्रा सुटला. कडेला एक चीर नाही. पहिली भाकरी आम्ही ओट्यापाशी उभ्या-उभ्याच खाल्ली, शेंगाची चटणी आणि वर कच्चं तेल. मग वांग्याचं भरीत करायचं की भरली वांगी यावर थोडा वाद झाला, तो ती जिंकली. भरली वांगी, पिठलं, कांदा, कैरीचा तक्कू. दुपारी चार वाजेपर्यंत आम्ही झोपलो. संध्याकाळी दुर्गा टेकडीवर चालून आलो. रविवारी सकाळी उरलेल्या भाकरीचा कुस्करा करून लसणाची फोडणी दिली, वर ताक. तिने पाय पसरून आंबे चोखले आणि कितीतरी दिवसांनी शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. मी तिला दमलेलीच बघत आलोय. दोन दिवस ती दमलेली नव्हती.

तुमची गोष्ट मी तिला जेवतानाच सांगितली. ती घास हातात धरून ऐकत होती. धडुत्यावर पीठ निववल्याचं ऐकलं तेव्हा म्हणाली, “माझी आजी असंच करायची.” मग थोडा वेळ डोळे पुसत राहिली.

निघताना तिने डब्यातलं उरलेलं पीठ सोबत नेलं. घरमालकीणबाईंना ज्वारीची भाकरी करून घालणार आहे म्हणाली.

तिचे दोन निरोप आहेत. पहिला असा की पुढच्या दुसऱ्या शनिवारी ती स्वतः गिरणीवर येणार आहे, तुमच्या गावची बोली ऐकायला. त्या वेळी ज्वारीचे पैसे तुम्ही घ्यायचेच आहेत, कारण आम्हाला पावसाळ्याआधी पोतंभर भरून ठेवायची आहे आणि ती तुमच्या रानातलीच हवी आहे. दुसरा निरोप म्हणजे ती तुमच्यासाठी डझनभर हापूस आणतेय. थोडे कच्चे असतील, चार दिवस पेंढ्यात राहू द्या. तुमच्या मुलीलाही तिचा नमस्कार सांगा, त्या रात्री तिचं जेवण आमच्यामुळे खोळंबलं.

आपला,
शुक्रवारचा किलोभर ज्वारीवाला