अक्कामावशीची मूठमाती

ग्वेल्फ, ऑन्टारिओ
12 फेब्रुवारी

प्रिय आईस,
सप्रेम सलाम.

फोनवर तू एवढंच म्हणालीस, "दोन दिवस पेटीत ठेवलीत, मग एका रात्रीत नगरला आणता आली नसती?" आणि फोन दादाच्या हातात दिलास. मी विमानतळावर उभा होतो, मागे रांग, मला काही सुचलं नाही. चार दिवसांच्या रजेत तुला भेटायला आलो नाही, त्याबद्दल तू बोलशील ते ऐकून घेईन. पण अक्कामावशीला इंदूरलाच मूठमाती का दिली, ते मात्र नीट सांगतो.

उपासना सगळी हिंदीत झाली. पाळक म्हणाले, मावशीच्या भाषेत एक तरी वाचन होऊ दे, तुम्ही वाचा. म्हणून तिचंच बायबल हातात घेतलं. पाठीला खाकी चिकटपट्टी, कोपरे हळदीचे. उघडलं ते रूथच्या पुस्तकातच उघडलं, कारण तिथे खुणेला एक निळं आंतर्देशीय पत्र घातलेलं होतं. अक्षर तुझं. मावसा गेले त्या वर्षीचं, 1989 चं. "अक्का, आता तिथे तुझं कोण राहिलंय? घरी ये." पुढचं मी वाचलं नाही, ते तुमचं दोघींचं.

मग तेच वाचलं, पहिला अध्याय. "तेथेच माझी मूठमाती होईल" या शब्दांपाशी माझा आवाज बसला. पाळकांनी हळूच पाण्याचा पेला पुढे केला. आई, हे वचन आपण लग्नात इतक्यांदा ऐकतो की नवराबायकोचंच वाटायला लागतं. रूथ ते सासूला म्हणते. नवरा मेलेला, पोरबाळ नाही, माहेरची वाट मोकळी, सासू स्वतः सांगते आहे की जा बाई, आणि ही जात नाही.

अक्काच्या सासूबाई 1996 पर्यंत होत्या, त्यातली शेवटची सहा वर्षं अंथरुणात. ते तुला माहीत आहे. तुझा प्रश्न त्यानंतरचा, तोही मला माहीत आहे: म्हातारी गेली, आता का थांबलीस? तिला एकदा मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "अहिल्याबाई आपल्याच जिल्ह्यातली, चौंडीची. तीही लग्न होऊन इकडेच आली. तिला कुणी म्हटलं का, घरी ये म्हणून?" आता तर आपल्या नगरलाच अहिल्यानगर म्हणायचं आणि इंदूरच्या विमानतळालाही तिचंच नाव. अक्काला याची फार गंमत वाटायची. पण ते काही खरं उत्तर नव्हतं, टोलवणं होतं. तिला टोलवता चांगलं यायचं.

खरं उत्तर मला चर्चबाहेरच्या बाकावर बसलेलं दिसलं. समोरच्या घरातले आजोबा, तू त्यांना पाहिलं असशील, राजवाड्याजवळच्या शाळेत मराठी शिकवायचे ते. आत या म्हटलं तर "नको, मी इथेच बरा" म्हणाले. हातातली काठी थरथरत होती. कबरस्तानातही ते शेवटी उभे राहिले. सगळ्यांची माती देऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आम्ही दिली तर चालते ना तुमच्यात?" मी ओंजळ धरून त्यांच्या हातात माती दिली. अर्धी वाटेतच सांडली.

संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक बारीक अक्षर, कुठे "डा", कुठे "उ". मला वाटलं दुधाचा हिशोब. सूनबाई म्हणाल्या, इन्शुलिनचा. आजोबांचा हात कापतो, सुई स्वतः टोचून घेता येत नाही, मुलगा-सून दोघे नोकरीला पहाटे बाहेर. अक्का रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला येऊन टोचून जायची. एकाच जागी रोज टोचलं तर मांस कडक होतं, औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून पोटाची डावी बाजू की उजवी ते लिहून ठेवायची. दिवसाला दोन अक्षरं, एकादशीच्या आणि संकष्टीच्या लाल शाईच्या अधेमध्ये. जुनी कालनिर्णयं त्यांनी टाकलेली नाहीत. पहिलं 2012 चं. मी चाळली. नाताळच्या दिवशी "डा, उ". गुड फ्रायडेला "उ, डा". 2021 च्या मे महिन्यात सुद्धा एक चौकोन कोरा नाही. या वर्षीच्या जानेवारीत 24 तारखेला नुसतं सकाळचं "उ", आणि पुढे काही नाही.

पैसे? सूनबाईंनी पहिल्या महिन्यात पाकीट दिलं, तर ते चर्चच्या पेटीत टाकून तिने पावती आणून दिली. पुन्हा कुणी दिलं नाही.

तिला संत करून मी हे लिहीत नाही. चर्चच्या पंचांशी तिचं भांडण तू ऐकलेलं आहेस. पाळकांनीच कबूल केलं की त्यांच्याशी ती अख्खं वर्ष बोलली नव्हती, पण एकही रविवार चुकवला नाही. तिसऱ्या बाकावर तोंड फिरवून बसायची. हे सांगताना ते हसले आणि मग त्यांना पुढचं बोलता येईना.

मी इथे कॅनडात आलो त्याला चौदा वर्षं झाली. ज्या देशातून 1877 मध्ये मिशनरी इंदूरला आले आणि 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज काढून बसले, त्याच देशात राहतो. आमच्या रस्त्यावरचं चर्च मागच्या वर्षी विकलं, आत फ्लॅट निघताहेत. मी स्वतः महिन्यातून एकदा उपासनेला जातो, तेही बर्फ नसेल तर. त्या कालनिर्णयासमोर उभं राहून मला काय वाटलं ते तुला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गॅलरीत उभा होतो. समोर बेल वाजली. संडे स्कूलमधली एक मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चपला काढून आत गेली आणि तिचा आवाज आला, "दादाजी, आज कौन सी तरफ?"

तर आई, तिला नगरला आणलं नाही ते यासाठी. तरी तुझा राग राहिला तर राहू दे. तुझं पत्र मी बायबलमध्येच ठेवलंय, ते बायबल दादाला कुरियर करतोय, तो तुझ्या हातात देईल.

एक काम तुझ्यावर आहे. कबरेच्या दगडावर काय लिहायचं ते तू ठरव. ईस्टरच्या आधी बसवायचा आहे. कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि ळ असेल तिथे खाली दोन रेघा मार. तिथल्या कारागिराला ळ ठाऊक नाही. मावसांच्या दगडावर "मंडळी"चं "मंडली" झालंय, आणि अक्का पस्तीस वर्षं त्यावरून कुरकुरत होती.

गुडघ्याला तेल लाव. दादा-वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझा,
धाकटा