अण्णा, डाळिंबाच्या त्या सालीबद्दल आभार

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

कागदावर लिहून हातात दिलं असतं तर तुम्ही ते बंडीच्या खिशात घातलं असतं आणि चष्मा सापडत नाही म्हणाला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नातू मोबाईलवर वाचून दाखवेल. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. गळ्यात माळ असलेल्या, वारी न चुकवणाऱ्या माणसानं एका रिटायर्ड मास्तरीणबाईंना वाईन चाखायला शिकवलं हे पेठेत कळलं, तर सप्त्याच्या पंगतीत तुम्हाला सुखानं जेवू देणार नाहीत.

जूनमध्ये मी तुमच्या द्राक्षमळ्यावर आले ती खरं तर बेदाणा न्यायला. बोलता बोलता सांगून टाकलं की मुलानं कॅलिफोर्नियात एका गावी एक दिवस ठेवलाय. हील्ड्सबर्ग, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला शंभर-एक किलोमीटर. तिथं चौकाभोवती वाईन चाखायची दुकानंच दुकानं, लोक पायी फिरत एकातून दुसऱ्यात जातात. आणि मी त्याला 'बघू' म्हणून टाळलंय. मला वाटलं तुम्ही हसाल किंवा रागवाल. तुम्ही विचारलंत, "तिकडं छाटणी एकदाच असती म्हणं, खरं काय?"

मग म्हणालात, "बाई, जावा की. पण प्यायला नका जाऊ, चाखायला जावा. आणि अडाण्यावानी नका जाऊ."

जूनमध्ये वेलीवर घड कुठले? एप्रिलची खरड छाटणी होऊन नुसती काडी पिकत होती. तुम्ही बांधावरचं डाळिंब फोडलंत, दाणे मला दिलेत आणि सालीचा पांढरा तुकडा चावायला लावलात. जीभ आखडली, हिरड्या खरखरीत झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. "ह्येच टॅनिन. चव न्हाय ही, पकड हाय. द्राक्षाच्या सालीत आन् बियांत असती. आपल्याकडं बिनबियांची, म्हणून कळत न्हाय." अकलूजकडच्या फ्रातेल्ली वाईनवाल्यांच्या मळ्यात जाऊन तुम्ही हे सगळं विचारून आला होतात, एक थेंबही न घेता. रस काळ्या द्राक्षाचाही पांढराच निघतो, लाल रंग येतो सालीतून. वाईनचा मणी बारीक ठेवतात कारण त्यांना साल हवी, म्हणून तिथं मणी फुगवायचं जीए औषध नाही, फुगवण नाही. रसातली साखर वीस-पंचवीस ब्रिक्स, म्हणजे तितके टक्के असेल, तर तिच्या निम्म्याहून जरा जास्त टक्के दारू. पस्तीस वर्षं मी वर्गात शिकवलं, पण इतका सुटसुटीत तास मला कधी जमला नव्हता.

निघताना कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा दिलात. "रिकाम्या पोटी एक थेंब बी न्हाय."

सप्टेंबरात गेलो. गाव म्हणाल तर एवढंसं. 1857 साली हार्मन हील्ड नावाच्या माणसानं मधोमध चौक सोडून आखलेलं. त्या चौकात आता उंचच उंच रेडवूडची झाडं आणि बाकडी. आपल्या सोलापुरात नवी पेठेतून मधल्या मारुतीपर्यंत जाऊन यावं एवढ्या चालण्यात गावाचा सगळा गाभा होतो. फरक इतकाच की तिथं कोणी हॉर्न वाजवत नाही आणि आपण रस्ता ओलांडतोय म्हटल्यावर गाडी आपली थांबते. मला आधी वाटलं, काही बिघाड झाला असेल.

पहिल्या दुकानात मात्र दाराशीच पचका झाला. बुकिंग नव्हतं. काउंटरवरच्या पोरानं माझ्या साडीकडं आणि पायातल्या बुटांकडं पाहिलं आणि आज जमणार नाही म्हणाला. आत चार टेबलं रिकामी दिसत होती. मुलगा वाद घालायला निघाला, मीच त्याला ओढला. जाऊ दे.

दुसऱ्या ठिकाणी बसवलं. पाच पेले, एकेकात दोन घोटांपुरती, पंचवीस-तीस डॉलरला. रुपयांत हिशेब करून माझ्या पोटात गोळा आला. मुलानं सांगितलं, एकच घेऊ आणि दोघांत चाखू, तसं चालतं, शिवाय बाटली घेतली तर बऱ्याच ठिकाणी ते पैसे माफ होतात. काउंटरवर एक छोटी बादली होती. चाखून तिच्यात थुंकायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मनात आलं, आपलं गाव सोलापूर. मावा-पानाच्या पिचकाऱ्यांनी इथला एक जिना कोरा राहिलेला नाही, आणि आपण बादलीला लाजायचं? पहिली चूळ जराशी टेबलावर उडाली. नंतर जमलं.

पिनो नोआर या काळ्या द्राक्षाची वाईन म्हणजे रंगानं कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखी, आणि नाकाशी नेली की पहिल्या पावसाची माती. तिथल्या रशियन रिव्हर नदीच्या खोऱ्यात समुद्राचं धुकं शिरतं, त्या गारव्यात ही जात मानवते असं कळलं. त्यापुढची झिनफान्डेल, तीही काळ्या द्राक्षाचीच एक जात. ती घोळवली आणि अण्णा, तुमची डाळिंबाची साल जिभेवर आली! सौम्य, पण तीच. त्यामागून जांभूळ, मग जरा काळी मिरी. मी मोठ्यानं "पकड हाय" म्हणाले. शेजारचं जोडपं बघायला लागलं.

मग कडक भाकरी काढली. तिथं मधे मधे जीभ साफ करायला फिकी बिस्किटं देतात. आपली भाकरी त्यांच्या तोंडात मारेल. कुरकुरीत, बिनमिठाची म्हणावी अशी, ज्वारीची गोडसर चव. ओतणारीनं एक तुकडा मागून घेतला, मग दुसरा. चटणीचा डबा उघडला मात्र, लसणाचा वास सुटला आणि तिनं दोन्ही हात जोडल्यासारखे करून ते शेवटी, अगदी शेवटी, अशी विनवणी केली. बरोबरच होतं तिचं.

आता तुमचा प्रश्न. "कुठं गेलाव तर रूटस्टॉक कंचा ते विचारा," म्हणजे कलमाखालचा खुंट कोणत्या जातीचा, असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत. विचारलं. ती मुलगी थबकली, आत गेली आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आली. मातीनं नखं काळी झालेली. तुमच्यासारखीच. सेंट जॉर्ज, ते म्हणाले, आणि तुमच्याकडं? मी म्हटलं, डॉगरिज. त्यांनी टेबलावर थाप मारली. डॉगरिज मूळचा टेक्सासचा ना! पुढचा पाऊण तास मुलगा दुभाषा आणि मी तुमची वकील. त्यांच्या झिनफान्डेलच्या जुन्या वेली भिंतीवरच्या फोटोत होत्या. ना मांडव, ना तार. मांडीएवढी खोडं, बुटकी झुडपं, आणि ठिबकची नळीसुद्धा नाही. कोरडवाहू, अण्णा! पाऊस सगळा हिवाळ्यात पडतो, तो जमिनीत मुरलेला पुढं पुरतो. वेल थंडीत झोपते, म्हणून छाटणी एकदाच. आपल्याकडं वेल झोपतच नाही, एप्रिल-ऑक्टोबर दोनदा कापावी लागते, हे ऐकून ते बराच वेळ मान हलवत राहिले.

लेबलावर अल्कोहोल 14.8 टक्के होतं. तुमचा हिशेब उलटा करून मी म्हटलं, सत्तावीसच्या आसपास ब्रिक्सला खुडलं असणार. बरोबर निघालं. झिनफान्डेलच्या एकाच घडात काही मणी हिरवट राहतात आणि काही वेलीवरच सुकून बेदाणा होतात, ते सुकलेले साखर चढवतात. आपल्याकडं असा घड व्यापारी हातातसुद्धा धरणार नाही.

मी त्यांना आपलं सोनाका द्राक्ष सांगितलं. थॉमसन जातीमधून नान्नजला नानासाहेब काळ्यांनी निवडलेलं, सोलापूर, नान्नज आणि काळे यांच्या पहिल्या अक्षरांचं नाव. थॉमसन हा कॅलिफोर्नियातलाच एक शेतकरी होता, हे त्यांच्याकडून कळलं. आपण इतकी वर्षं त्याचं नाव घेतोय आणि मला ते एखाद्या कंपनीचं वाटायचं.

दोनच दुकानं झाली. तिसऱ्याला जायचं त्राण नव्हतं आणि तुमचीच तंबी होती. चौकातल्या बाकावर बसून शेंगाचटणी संपवली.

झिनफान्डेलची काडी आणा म्हणाला होतात, ती आणली नाही. विमानतळावर रोपं-काड्यांना मनाई असते, आणि या वयात मला कस्टमवाल्यांपुढं उभं राहायचं नव्हतं. त्याऐवजी त्या खोडांचा फोटो मोठा करून आणलाय, आणि कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नोकडच्या बेदाण्याचा एक पुडा. थॉमसनचाच. तिकडं ओळींमधे कागद अंथरून उन्हात वाळवतात, म्हणून काळपट आहे. तुमच्या शेडमधला हिरवा सोन्यासारखा दिसतो त्याच्यापुढं, हे मुलासमोरही म्हटलं.

ऑक्टोबरची छाटणी कधी धरलीय ते नातवाला कळवायला सांगा. आदल्या दिवशी कळलं तरी पुरे. थर्मास आणि पुडा घेऊन सकाळच्या एसटीनं येते. आणि त्या गृहस्थांनी एक विचारलंय, ते मला समजलं नाही: डॉगरिजवर जमीन चुनखडीची असली तर पानं पिवळी पडतात का? उत्तर लिहून ठेवा.

आपली,
पेठेतली मास्तरीणबाई