दुधात पाणी कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूधभेसळीवरील कारवाईची बातमी आपल्या अंकात वाचली. पहाटे नाक्यावर पथक उभे राहते, लॅक्टोमीटर बुडतो, पाणी घातलेले दूध गटारात ओतले जाते आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. कारवाईबद्दल माझी तक्रार नाही. पण दुधाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे अशी बातमी वाचली की एक प्रश्न पडतोच. भेसळ म्हणून घातलेले पाणी सोडा. जे पाणी रोज दोन वेळा रीतसर दुधापर्यंत पोहोचते, म्हणजे कास धुण्याचे, कॅन विसळण्याचे, हौदातले, ते कुठून येते हे कोणी विचारते का?

मलाही हा प्रश्न निवृत्तीनंतरच नीट पडला, तोही घरच्या दुधामुळे. आमच्याकडे तबेल्यातल्या दुधाचा रतीब आहे, वीसेक वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात उकळून फ्रिजमध्ये ठेवलेले दूध दुसऱ्या दिवशी कडवट लागू लागले. सौ.ने आधी पातेल्याला दोष दिला, मग फ्रिजला, आणि दोन्ही निर्दोष ठरल्यावर अर्थातच मला. दूधवाला म्हणाला, "काका, पेंड बदललीये, त्याची चव असेल." पेंडीची चव मला कळते. ही ती नव्हती.

थंडाव्यातही वाढणारे काही जिवाणू पाण्यातून, विशेषतः साठवणीच्या पाण्यातून, भांड्यात शिरतात. संध्याकाळचे दूध बर्फावर ठेवून सकाळी विकले, की त्यांना रात्रभराची सवड मिळते. उकळल्यावर ते मरतात, पण त्यांनी तयार केलेली काही एन्झाइम उकळीलाही दाद देत नाहीत. ती दुधातली प्रथिने तोडत राहतात आणि दूध कडू होते. "आम्ही उकळून पितो, आम्हाला काय होणार" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगून सांगून मी थकलो आहे.

शेवटी जोगेश्वरीला त्या तबेल्यातच गेलो. मालकांचे आजोबा जौनपूरहून आले होते; यांची मराठी माझ्याइतकीच. साठ म्हशी, धार रात्री दोनला. पाण्याच्या सोयी तीन: महापालिकेचा नळ, तो दोन तास, एक बोअर, आणि कमी पडले की टँकर. दुभती म्हैस दिवसाला ७०-८० लिटर पाणी पिते, मे महिन्यात त्याहून जास्त. तिला धुवायला आणि गोठा झाडायला जवळपास तेवढेच. म्हणजे साठ म्हशींना रोज नऊ हजार लिटर, जवळजवळ एक आख्खा टँकर. नळाच्या दोन तासांत हे भागणार नाही, हे मालकांना दोष न देता मान्य करायला हवे.

सोबत मी तपासणीच्या बाटल्या नेल्या होत्या. हायड्रोजन सल्फाइडची ही साधी चाचणी गावोगावच्या पाणीपुरवठ्यात वापरतात. बाटलीत पाणी भरून उबेला ठेवायचे. विष्ठेतले जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. बोअरची बाटली दुसऱ्या सकाळीच काळी झाली. टँकरची त्या संध्याकाळी. नळाची स्वच्छ राहिली. पण नळाचे तेच पाणी ज्या सिमेंटच्या हौदात साठवतात, त्या हौदाची बाटलीही काळी! हौदाच्या भिंतीवर आतून बोट फिरवले तर शेवाळाचा बुळबुळीत थर. बोअरपासून शेणाचा खड्डा माझ्या अकरा पावलांवर. निदान १५ मीटर अंतर हवे, हा जुना नियम. पण जोगेश्वरीत १५ मीटर जागा म्हणजे दोन चाळी.

सर्वांत नवल पुढेच होते. नळाचे चांगले पाणी म्हशींना पाजत आणि कॅन विसळत होते बोअरच्या पाण्याने, कारण बोअरचा पाइप कॅनच्या ओट्याजवळ येतो. इतकेच कारण! खरे तर थोडे मचूळ पाणी म्हैस निभावून नेते. माणसाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे; जनावराला दोन-तीन हजारही सहसा चालतात. घाणीचे पाणी तिलाही नको, हे वेगळे. पण कॅन, बादल्या आणि कास यांना लागणारे पाणी मात्र आपल्या पिण्याच्या पाण्याइतकेच शुद्ध हवे, १०० मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय (विष्ठेतला जिवाणू) नको. माझ्या अंदाजाने नऊ हजार लिटरपैकी असे पाणी लागते जेमतेम पाचशे लिटर. तेवढे नळ देतो.

उरलेल्यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आहेच. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे पाणी टाकीत. मग निदान अर्धा तास थांबायचे. चाचणीच्या थेंबांनी पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन उरला आहे, नाही झाले तर मात्रा वाढवा. दिवसाचा खर्च एका कटिंगपेक्षा कमी. मात्र आधी हौद घासला पाहिजे. शेवाळ आणि पेंडीचा चोथा असेल तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. आणि तोंड उघडे ठेवलेल्या गोणीतली पावडर पावसाळ्यात नुसता चुना उरते.

मालकांनी हे सगळे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, "काका, तपासून आणलं आणि खराब निघालं, तर कागद दाखवू कोणाला? दाखवला की पाणी नाही, तबेलाच बंद करतील." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शहरात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा १९७६ चा, आणि तबेले मुंबईबाहेर हलवण्याची चर्चा तेव्हापासून डोक्यावर टांगलेली. ज्याला उद्या हुसकावतील अशी धास्ती आहे, तो बोअरचा दोष स्वतःहून कशाला उघड करील?

आरे वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली ती शहरातल्या म्हशी एका जागी, नीट सोयींनिशी ठेवण्यासाठीच. ती उभारणाऱ्या दारा खुरोडींना १९६३ मध्ये अमूलच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज महापालिकाच पवई तलावाचे पाणी पिण्यायोग्य नाही म्हणते. ते उद्योगांना आणि आरे वसाहतीत पिण्याव्यतिरिक्तच्या कामांना जाते. कुणाच्या पिण्याव्यतिरिक्त? दुधाचा कॅन विसळणे हे पिण्यात धरायचे की नाही?

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत पिण्यायोग्य पाण्याची अट आहे. ती तपासतो कोण? एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवान्यांवरून मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा चर्चा झाली ती किती पाणी उपसले याची. ते कसले आहे याची मला तरी कुठे दिसली नाही. टँकरवाल्याकडे पाण्याचा दाखला मागितला तर तो हसतो. मी मागून पाहिला आहे.

माझी मागणी छोटी आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, तबेल्याच्या बोअर, विहीर, टँकर आणि हौदाचे नमुने महापालिकेने स्वतः घ्यावेत, फुकट. पहिल्या दोन खेपांचा निकाल केवळ दुरुस्तीसाठी वापरावा, नोटीस काढण्यासाठी नव्हे. तबेले राहणार की जाणार हा वाद ज्यांचा त्यांनी खुशाल चालू ठेवावा. तोवर ते दूध रोज सकाळी आपल्या दारात येतेच आहे.

ओट्यावर नळाचा पाइप आणला, हौद घासला, त्यानंतर दहा-बारा दिवसांत आमच्या दुधाचा कडवटपणा गेला. बोअरची बाटली मात्र दिवाळीनंतरही काळीच पडली. खड्डा हलवायला जागा नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
गोरेगाव (पूर्व)