दही लागतं गं इथे

डांग्रिगा, बेलीझ (मध्य अमेरिका)
20 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी फोनवरच सांगायचं होतं, पण बाबा खोकत होते, मागून आई भाकरी करपली म्हणून ओरडत होती, तेवढ्यात राहून गेलं. खरं म्हणजे मीच राहू दिलं. लिहूनच टाकते: मी आणखी दोन वर्षं इथे राहणार आहे. सही गेल्या सोमवारी करून टाकली.

रागावण्याआधी पुढचं वाचा. पगार वाढतोय, मागच्या पडवीचं छप्पर होऊन जाईल, दादाने एकट्याने किती ओढायचं? शिवाय नववीची पोरं अर्ध्यावर सोडणं बरं नाही, बाबा मास्तर होते, त्यांना हे कळेल. आणि मला इथे आवडतं. हे कारण खरं तर आधी लिहायला हवं होतं.

आई, जेवते गं मी नीट. आणि दही लागतं इथे! दूध स्पॅनिश लुकआउट नावाच्या गावचं, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं. दूध, चीज, अंडी, कोंबड्या, लाकडी टेबलं, सगळं त्यांच्याकडून येतं. नारळाची तर चंगळ आहे, भातसुद्धा नारळाच्या दुधात शिजवतात. माझ्या घरमालकीणबाई गारिफुना आहेत, म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिबियन आदिवासी अशा मिश्र वंशाच्या इथल्या समाजातल्या. मी त्यांना मावशी म्हणते, अर्थ ठाऊक नसून 'ओ' देतात. त्या हुडुत करतात, म्हणजे उकडलेली केळी लाकडी उखळात कुटून गोळा करायचा आणि नारळाच्या रसातल्या माशाबरोबर खायचा. त्यात आमसुलं नाहीत, एवढंच. कसावा नावाच्या कंदाची भाकरी, एरेबा, करायची असेल तेव्हा आपल्या फणसपापडांच्या दिवसांसारखी गल्लीतल्या बायकांची जत्रा. कसावा किसून रुगुमा नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरतात, टांगतात, खाली ओढून पिळतात. रस विषारी, तो गेलाच पाहिजे. मला अजून किसण्यापलीकडे हात लावू देत नाहीत. तूही मला मोदकाच्या पारीला कुठे लावू द्यायचीस!

बाबा, तुम्हाला मात्र मेनोनाइट आवडतील. मिक्सर नको म्हणून तुम्ही वर्षभर भांडलात, ही माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या भांडताहेत! प्रशिया, रशिया, कॅनडा, मेक्सिको असं करत 1958 साली इथे आले. सैन्यात पाठवणार नाही, शाळा आमच्या आम्ही चालवू, हे सरकारकडून आधी कबूल करून घेतलं आणि मगच जंगल तोडून शेतं केली. घरात अजून त्यांची जुनी जर्मन बोली. सगळे सारखे नाहीत हं. स्पॅनिश लुकआउटला मोटारी धावतात, कायो जिल्ह्यातल्या बार्टन क्रीकला मात्र वीज नाही, शेती घोड्यांवर. उत्तरेकडच्या शिपयार्डमध्ये ट्रॅक्टर आहेत, पण रबरी टायर चालत नाहीत, लोखंडी चाकं. का, तर पोरांनी ट्रॅक्टर घेऊन शहराची वाट धरू नये.

हे ऐकलं आणि मला तुमची ती दुसरी सायकल आठवली, स्वतः पायी शाळेत जाऊन मला दिलेली. मला लोखंडी चाकं लावायची संधी होती तुम्हाला. लावली नाहीत.

काल इथे मोठा दिवस होता. 1797 मध्ये इंग्रजांनी गारिफुनांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून उचलून होंडुरासजवळच्या रोआटानवर नेऊन टाकलं, तिथून ते या किनाऱ्यावर आले. त्याची आठवण 19 नोव्हेंबरला. भल्या सकाळी झावळ्यांनी सजवलेल्या होड्या खाडीच्या मुखातून आत येतात, ढोल रात्रभर चालू असतो. मावशींची तिन्ही मुलं अमेरिकेत, यंदा दोघं आली. गारिफुनांकडे डुगू नावाचा विधी असतो. पूर्वजांची आबाळ झाली की ते दुखण्यातून आठवण करून देतात, असं मानतात. मग कुठे कुठे पांगलेली पोरं गोळा होतात आणि कित्येक दिवस पितरांना जेवू घालतात, नाचतात.

आजीच्या वर्षश्राद्धाला मी नव्हते. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला असतात तर सोपं गेलं असतं.

काल मावशींनी विचारलं, तुझ्या आईकडे कोण बघतं? म्हटलं, दादा असतो पुण्यात. त्या काही बोलल्या नाहीत, ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

तर आता ऐका. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या, या आठवड्यात, दिवाळीपासून ऐकतेय. बाबांची साखर महिन्याला तपासायची, 'गोड खातच नाही' हे कारण चालणार नाही, लाडवांचा डबा मोजून ठेवायला वहिनीला सांगितलंय. आई, माळ्यावर चढायचं नाही. विहिरीवर एकटीने जायचं नाही, मागचं आठवतंय ना? रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नसते. बोलते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. इतक्या लांबून बोलण्यापलीकडे काय करता येतं मला? फोन मात्र कधीही करा. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे माझे आदल्या रात्रीचे आठ, मी जागीच असते. वादळांचा हंगामही महिनाअखेर संपतो, तेव्हा बातम्या बघत बसू नका.

जुलैत शाळा सुटली की येते. तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. आंबे संपलेले असतील, साटं ठेव. आणि विळीला धार लावायला जाऊ नकोस, मी आल्यावर लावीन.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, खोकल्याचं काय झालं ते आईकडून नको, तुमच्या तोंडून ऐकायचंय.